कोरडे कागद

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा लागला की फोन वाजल्यावर मला धडकी भरत नाही, नुसता कंटाळा येतो. बंदुकीच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आलेला असतो, धनुष्यवाले शिकारी घायकुतीला आलेले असतात, आणि घायकुतीला आलेला माणूस नको त्या वेळी बाण सोडतो. मग हरीण पळतं, रक्ताचा माग मध्येच कुठेतरी तुटतो, आणि त्यांना आठवण होते की इल्मा रौटिओकडे माग काढणारी कुत्री आहे. शाळेची बस चालवणं सोडल्यापासून माझं हेच चाललंय. लोकांनी अर्धवट मारलेलं शोधून द्यायचं. बदल्यात कुणी मांस आणून देतं, कुणी सरपण टाकून जातं. गुडघे मात्र कुणी परत आणून देत नाही.

साल्मेलांच्या दलदलीत मी का जात नाही, असं तू विचारलंस. गावात सगळ्यांना वाटतं, म्हातारी थकली. थकले आहेच, ते काही खोटं नाही. पण कारण ते नाही. तो दिवा जरा इकडे सरकव आणि शेगडीत एक लाकूड टाक. एकदाच सांगणार आहे.

गेल्या हंगामातली नाही, त्याच्या आदल्या हंगामातली गोष्ट. दुपारची वेळ होती. मी ओव्हनमध्ये मांस-बटाटा भरलेली पेस्टी गरम करायला ठेवली होती आणि बाहेर सकाळपासून ते आपलं नेहमीचं चाललं होतं, धड पाऊस नाही, धड बर्फ नाही. दारावर टकटक झाली. पायाशी झोपलेली पुल्ला उठली आणि तिच्या घशातून गुरगुर सुरू झाली. दार उघडायच्या आधीच मला कळलं, रूडी साल्मेला आलाय.

पुल्ला म्हणजे माझी डॅक्सहुंड. आखूड पायांची, लांबट, वेलदोड्याच्या पावासारखी तांबूस, म्हणून त्या पावाचंच नाव तिला दिलं. माणसांच्या बाबतीत तिची मतं ठाम होती. रूडी तिला कधीच आवडला नाही. तो दिसला की गुरगुरणार म्हणजे गुरगुरणार. त्याचा थोरला भाऊ आर्व्हिड आला की मात्र ही बया चारी पाय वर करून उताणी पडायची, पोट खाजवून घेतल्याशिवाय उठायची नाही. असा मान तिने दुसऱ्या कुणालाच दिला नाही. मलासुद्धा नाही.

दोघेही भाऊ माझ्या बसमधून शाळेत गेलेले. आर्व्हिड पुढच्या बाकावर, रूडी शेवटच्या. मोठेपणी आर्व्हिड मला सरळ इल्मा म्हणू लागला, आणि रूडीने पन्नाशी गाठली तरी तो मला मिसेस आर. म्हणायचा, बसमधल्या पोरांसारखा, थोडं चिडवत.

त्या दिवशी त्याच्या आवाजात चिडवणं नव्हतं. टोपी हातात, चेहरा ओढलेला, आणि दुसऱ्या हातात पावाच्या पिशवीत गुंडाळलेला बाण.

"मिसेस आर., तुमची गरज पडली," तो म्हणाला.

माझे प्रश्न ठरलेले असतात. हरीण कसं उभं होतं, बाण लागल्यावर कसं पळालं, आणि बाणाला वास कसला येतो. पहिल्या दोन प्रश्नांना माणूस खोटं बोलू शकतो, वासाला नाही. मी पिशवी उघडून बाण नाकाशी धरला. आंबलेला, हिरवट, आतड्याचा वास. पोटात लागला होता. पोटात बाण लागलेलं हरीण लगेच मरत नाही. ते जवळच कुठेतरी जाऊन आडवं होतं, आणि तासन् तास तसंच पडून राहतं. त्या वेळात शोधणारा मागे लागला की ते उठून पळतं, आणि मग ते कुणालाच सापडत नाही, लांडग्यांखेरीज. म्हणून थांबायचं. आमच्याकडे पोरांना धनुष्य ओढायला नंतर शिकवतात, थांबायला आधी.

"त्याच्या मागे लागलास की थांबलास?"

"थांबलो. सकाळपासून थांबलोय. दलदलीच्या काठापर्यंत गेलो, तेवढंच."

मला नवल वाटलं. रूडी आणि थांबणं, या दोन गोष्टी कधी एका घरात नांदल्या नव्हत्या. कसं उभं होतं, हे मी विचारलं तेव्हा त्याने मान खाली घातली. आर्व्हिडच्या मचाणावर बसला होता तो. हरीण समोरून आलं, तिरपं, त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं. छाती खांद्याआड झाकलेली. असा बाण सोडायचा नसतो, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक होतं. ते वळेपर्यंत धीर धरायचा, आणि नाहीच वळलं तर दोरी सैल सोडून घरी जायचं.

"मग का सोडलास?"

"तेच होतं ते," तो म्हणाला. "डावं शिंग खाली वळलेलं. मागच्या वर्षीचं."

मागच्या वर्षीचं म्हटल्यावर मी ओव्हन बंद केला.

आर्व्हिड त्याच्याही आदल्या हंगामात त्या दलदलीत मेला होता. पोटात बाण लागलेलं एक नर हरीण शोधायला गेला आणि परतलाच नाही. संततधार पाऊस चालू होता. शोधणाऱ्यांना तो तिसऱ्या दिवशी सापडला, एका जुन्या सीडरच्या बुंध्याला पाठ टेकून बसलेला, खिशात कागदाचं भेंडोळं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. हरीण आर्व्हिडनेच मारलं होतं आणि नेम चुकला होता, असं रूडीने सगळ्यांना सांगितलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आर्व्हिडसारखा धनुष्यवाला मी पाहिला नाही. तो दोरी ओढायचा, श्वास रोखून धरायचा, आणि दहातल्या नऊ वेळा हळूच सैल सोडायचा. रूडी त्याच्यावरून हॉटेलात बसून हशा पिकवायचा, की आमचा आर्व्हिड जंगलात हरणांची कवायत घेतो, बाण फक्त शोभेला नेतो. आर्व्हिड त्यावर एवढंच म्हणायचा, की ते आडवं उभं राहिलं नाही, तर ते माझं नाही. पण मेलेल्या माणसाच्या नेमावरून वाद कोण घालत बसणार. मीही गप्प बसले.

"आजच शोधायचंय," रूडी म्हणाला. "पावसाने रक्त धुऊन जाईल. आणि... यावेळी मला ते सोडून यायचं नाही."

यावेळी, असं म्हणाला. मी तो शब्द ऐकला आणि बूट चढवायला घेतले.

आता कागदाचं सांगायला हवं. रक्त दिसलं की तिथल्या फांदीला टॉयलेट पेपरची पट्टी बांधायची, असा आमचा रिवाज आहे. हसू नकोस. रिबीन बांधली तर ती वर्षानुवर्षं जंगलात फडफडत राहते; हा कागद एका पावसात विरघळून जातो, म्हणून तोच बरा. मागे वळून पाहिलं की पांढऱ्या पट्ट्यांची ओळ दिसते आणि हरीण कुठल्या बाजूला चाललंय ते समजतं. हरीण सापडल्यावर परत येताना ज्याने कागद लावले त्यानेच ते काढायचे. दुसऱ्याच्या कागदाला कुणी हात लावत नाही. कागद लटकतोय म्हणजे कुणीतरी अजून शोधतंय, असा त्याचा अर्थ.

प्रत्येकाची कागद लावायची तऱ्हाही वेगळी असते, आणि माझ्यासारखीला ती हस्ताक्षरासारखी ओळखता येते. रूडी पट्टी बांधायचाच नाही. काटकीचं टोक कागदातून घुसवायचा, दुकानात बिलं खिळ्याला टोचतात तसं, आणि पुढे व्हायचा. मचाणापासून दलदलीच्या काठापर्यंत सकाळी त्याने लावलेले तसलेच कागद होते, पावसाने लगदा होऊन काटक्यांना चिकटलेले. आर्व्हिडचं सगळंच नीटनेटकं. फांदीला दोन वेढे, आणि खाली एक लांब शेपूट.

दलदलीच्या काठावर मी पुल्लाला लांब पट्टा लावला आणि बाण हुंगायला दिला. तिने नाक खाली घातलं आणि आम्ही आत शिरलो.

तिथे सीडर इतके दाट आहेत की भर दुपारीसुद्धा आत उजेड मागाहून, विचारत विचारत येतो. पायाखाली शेवाळ, शेवाळाखाली काळं पाणी. दर पावलाला बूट ओढून काढावा लागत होता, आणि तो निघताना होणारा चुबुक असा आवाज सोडला तर फक्त पानांवरून गळणारं पाणी. ओल्या सालीचा वास, कुजक्या पाण्याचा वास, आणि मधूनच तो हिरवट वास, जो पुल्लाला माझ्या कितीतरी आधी येत होता. रूडी माझ्या मागे चालत होता. मला थेंब दिसला की मी माझी पट्टी बांधायची, पुल्लाला शाबासकी द्यायची, पुढे व्हायचं. पाठ दुखत होती. पेस्टी आठवत होती. अशा कामात भीतीबिती काही नसते, खरं सांगते, नुसती पाठ असते.

मग पुल्ला एका पडलेल्या ओंडक्याला वळसा घालून थांबली. ओंडक्यापलीकडे फांदीला कागद होता.

मला वाटलं, आपण फिरून आपल्याच मागावर आलो. असं होतं कधी कधी. पण माझी गाठ एका वेढ्याची असते. याला दोन वेढे होते आणि खाली लांब शेपूट. त्याच्या पुढे दुसरा होता. त्याच्या पुढे झाडांच्या अंधारात तिसरा, पांढरा.

"हे कुणी लावले?" मी विचारलं.

मी पुढे होऊन पट्टीच्या खाली बोट धरलं. हात लावायचा नसतो, पण धरलं. माझ्या टोपीच्या कडेवरून पाणी गळत होतं. वरची फांदी निथळत होती. कागद कोरडा होता. घरातल्या कपाटातून आत्ता काढल्यासारखा, खडखडीत कोरडा.

"आर्व्हिडची गाठ आहे," रूडी माझ्या खांद्याशी येऊन म्हणाला. त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

"मागच्या वर्षीचे राहिले असतील," मी म्हटलं. बोलताना मलाच माझी लाज वाटली. मागच्या वर्षी त्याला शोधणाऱ्यांना त्या पावसात एकही कागद सापडला नव्हता, म्हणून तर तीन दिवस लागले होते.

रूडी ओंडक्यावर बसला. मग त्याने सांगितलं, मी काही विचारलं नव्हतं. मागच्या वर्षीचं हरीण आर्व्हिडचं नव्हतं, त्याचं होतं. आजच्यासारखंच तिरपं उभं होतं, आजच्यासारखाच त्याला धीर धरवला नाही. बाण पोटात गेला. त्याने घरी येऊन आर्व्हिडला सांगितलं, की जाऊ दे, जंगलात शंभर हरणं आहेत, मी सौना तापवलाय, चल, वाफ घेऊ. आर्व्हिडने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, खुंटीवरचा कोट काढला आणि कागदाचं भेंडोळं खिशात टाकलं.

"जाताना दारात म्हणाला, ते सापडेपर्यंत मी काही येत नाही," रूडी म्हणाला. "मी सौन्यात जाऊन बसलो, मिसेस आर. चांगला घाम निघेपर्यंत बसलो."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही. इतकी वर्षं लोकांची अर्धमेली हरणं शोधल्यावर राग कुठेतरी झिजून जातो. त्याच्या शेजारी बसावंसं वाटलं, पण बसले असते तर उठवलं नसतं.

"परत फिरायचं का?" मी विचारलं.

त्याने त्या कागदाकडे पाहिलं. मग उठला. "नाही. आज नाही."

त्यानंतर मला पट्ट्या बांधाव्या लागल्या नाहीत. जिथे जिथे पुल्ला रक्तापाशी थांबायची, तिथे आधीच कागद असायचा. कुणीतरी आमच्यापुढे तोच माग काढत चाललं होतं आणि आमच्याहून चांगला काढत होतं. मला न दिसलेला, पानाच्या पोटाखालचा थेंबसुद्धा त्याने सोडला नव्हता. मी दोनदा थांबून कान दिला. बूट निघाल्याचा चुबुक आवाज दूरवर आल्यासारखा वाटला. आमचाच असेल, असं मी ठरवलं.

उजेड ओसरायला लागला तेव्हा हरीण सापडलं. दोन सीडरच्या मुळांमध्ये, मान ताणून पडलेलं. डावं शिंग खाली वळलेलं. मी लांब काठीने त्याच्या डोळ्याला स्पर्श केला, पापणी हलली नाही. पोटावर रूडीच्या बाणाची सकाळची जखम होती. अंग अजून कोमट होतं, म्हणजे दिवसभर जिवंत होतं बिचारं. आणि त्या वळलेल्या शिंगाला दोन वेढ्यांचा एक कागद बांधला होता, शेपूट खाली सोडून.

रूडी गुडघ्यांवर बसला. त्याने हरणाच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच राहिला. त्याच्या तोंडून बारीकसा आवाज आला, रडल्यासारखा. मला त्याच्याबद्दल पहिल्यांदाच माया वाटली. झालं, मी मनात म्हटलं, संपलं एकदाचं. मी पुल्लाचा पट्टा गुंडाळायला घेतला.

पट्टा गुंडाळता गुंडाळता वर पाहिलं, तर हरणाच्या पलीकडे, आत, फांदीला आणखी एक कागद होता. आणि त्याच्यापुढे आणखी एक.

हरीण तर इथे होतं. मग पुढे कशाचा माग?

रूडीनेही ते पाहिलं. तो हळूहळू उभा राहिला. "त्याला कळलंच नाही," तो म्हणाला. "सापडलं हे त्याला कळलं नाही... तो अजून शोधतोय."

"रूडी, हरीण ओढून न्यायला माणूस लागतो. मला एकटीला जमणार नाही. चल."

"कुणीतरी सांगायला हवं ना त्याला."

मी त्याचा कोट धरला. पुल्ला त्या कागदांच्या दिशेला एक पाऊल टाकायला तयार नव्हती, माझ्या दोन बुटांच्या मध्ये बूड घालून बसली होती. रूडीने माझा हात हलकेच सोडवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला धीर देत म्हणाला, "उगीच घाबरता. भाऊ आहे माझा."

तो आत गेला. कागद बांधलेला नव्हता अशा ठिकाणी तो मध्येच एखादी पट्टी फाडून काटकीला टोचत होता, परतीची वाट सापडावी म्हणून. तेवढं मला दिसलं. मग सीडर त्याच्यामागे मिटले. त्याचा आवाज मात्र येत राहिला. ओरडत नव्हता. अंगणातून घरात हाक मारावी तसा.

"आर्व्हिड... सापडलं रे. चल आता घरी..."

थोड्या वेळाने पुन्हा, जरा लांबून. "सापडलं रे..."

मग तो थांबला. बोलणं चालू असावं तसा तो गप्प व्हायचा आणि पुन्हा खालच्या सुरात काहीतरी म्हणायचा. दुसरा आवाज मी ऐकला नाही. शेवटी रूडीचाही बंद झाला, आणि नुसतं पाणी गळत राहिलं. मी त्या हरणाशेजारी उभी होते. पाऊस मानेतून आत उतरत होता. मी किती वेळ उभी होते मला माहीत नाही, पण हाताला हात दिसेनासा झाला होता आणि मी डोक्यावरचा दिवा लावला होता.

पावलं आली. एकाचीच. चुबुक, चुबुक, शांतपणे, घाई नसलेल्या माणसाची.

रूडी दिव्याच्या उजेडात आला. तेच तोंड, तीच हनुवटीवरची बसमधल्या मारामारीची खूण. त्याच्या हातात कोरड्या कागदांचा जुडगा होता, नीट घडी घातलेला. त्याने खाली वाकून हरणाच्या शिंगावरचा कागद सोडला, दोन वेढे उलगडून, आणि जुडग्यात ठेवला.

पुल्ला गुरगुरली नाही. ती त्याच्याकडे बघत राहिली, शेपटीचं टोक हलायला लागलं, आणि त्या चिखलात ती चारी पाय वर करून उताणी पडली.

त्याने तिचं पोट खाजवलं. मग तो म्हणाला, "चल इल्मा. खूप उशीर केला मी."

हरीण ओढायचं होतं, रात्र पडली होती, आणि मी दमले होते. आम्ही शिंगांना दोर लावून ते ओढत बाहेर काढलं. वाटेत मी माझे कागद काढत गेले, लगदा झालेले, बोटांना चिकटणारे. दलदलीच्या काठाला रूडीचे सकाळचे काटकीला टोचलेले कागद आले. तो त्यांच्याजवळून सरळ पुढे गेला.

"तुझे काढ की," मी म्हटलं.

तो थांबला. वळला नाही. "ते माझे नाहीत," तो म्हणाला.

पिकअपच्या दिव्यांत मी त्याचा कोट पाहिला. माझ्या अंगावरून पाणी वाहत होतं. त्याची बाही मी गाडीत चढताना आधाराला धरली, आणि ती कोरडी होती.

पुढे सगळं बरं झालं, असंच गावात म्हणतील. रूडीची बायको डार्सी मला दुकानात भेटली आणि म्हणाली, की तो आता रात्री शांत झोपतो, हॉटेलातले हशे बंद झाले, घरात आवाज चढत नाही. भावाच्या मृत्यूने माणूस निवळला, उशिरा का होईना, असं तिचं म्हणणं. पुढच्या हंगामात तो रोज मचाणावर बसला आणि एकही बाण न सोडता परत आला. लोकांनी पाहिलंय, तो दोरी ओढतो, धरून ठेवतो आणि सैल सोडतो. मांस आणि सरपण मला न चुकता आणून देतो. तो मला इल्मा म्हणतो आणि मी त्याला रूडी म्हणते, आणि तो ओ देतो. मला आर्व्हिड फार आवडायचा. शेरीफकडे जाऊन मी काय सांगू, की दलदलीतून चुकीचा भाऊ घरी आलाय?

पण गेल्या नोव्हेंबरमध्ये शहरातल्या एका मास्तरचं जखमी हरीण साल्मेलांच्या जमिनीत शिरलं. मालकाला विचारल्याशिवाय मी कुणाच्या जागेत जात नाही, म्हणून त्याला विचारलं. त्यानेच मला पिकअपमधून दलदलीच्या काठापर्यंत सोडलं, आणि मी गाडीत थांबतो म्हणाला. पाऊस लागलेलाच होता. मी पुल्लाला घेऊन आत शिरले आणि फार लांब जावं लागलं नाही. ओंडक्यापलीकडे काटकीला एक कागद टोचलेला होता. पुढे दुसरा. बांधलेला नव्हता एकही, सगळे टोचलेले, आणि ओळ सीडरमध्ये आत आत गेलेली. मी बोट लावून पाहिलं. मग वळले आणि जमेल तेवढ्या वेगाने परत आले.

तो स्टिअरिंगमागे बसून थर्मासमधली कॉफी पीत होता. मी दार ओढून घेतलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कोरडे होते?" त्याने विचारलं.

मी त्याला कागदांबद्दल एक शब्दही बोलले नव्हते. मी होकाराची मान डोलावली.

"कुणीतरी सांगायला हवं त्याला," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"सांगायला जाणारा तिथे राहतो, इल्मा." त्याने माझ्यासाठी कॉफी ओतली आणि कप हातात दिला. त्याचा हात ऊबदार होता, माणसाच्या हातासारखाच. "मला जायला हवं, ते कळतं मला. रोज मचाणावर बसून तेच ठरवत असतो. धाकटा आहे माझा... पण ऊब फार बरी वाटते गं."

तेवढ्यात माझ्या मांडीवर पुल्ला ताठ झाली. दलदलीच्या बाजूला नाक करून तिच्या घशातून गुरगुर सुरू झाली, तीच जुनी, एका माणसासाठी राखून ठेवलेली. आणि झाडांतून, लांबून, ओरडून नाही, बसच्या शेवटच्या बाकावरून यावी तशी हाक आली.

"मिसेस आर..."

त्याने गाडी सुरू केली आणि माझ्या बाजूची काच वर घेतली.